कॅलिफोर्नियाच्या हवेवर हक्क कोणाचा?

एखादा कायदा कोणी केला हे आपण नेहमी विचारतो. तो कोणत्या मार्गाने रद्द झाला हे मात्र विचारत नाही. अमेरिकेत पेट्रोलच्या मोटारींवरून जो वाद पेटला आहे, त्याकडे आपण या दुसऱ्या बाजूने पाहावे, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

लॉस एंजेलिस हे शहर डोंगरांच्या कुशीत वसलेले आहे. १९४३ च्या जुलैत तेथे डोळे झोंबविणारा असा काही धूर दाटला की, शत्रूने विषारी वायू सोडला असे कित्येकांस वाटले. शत्रू घरचाच होता! मोटारींतून बाहेर पडणाऱ्या वायूंवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन हे विष तयार होते, असे पुढे डॉ. हागेन-स्मिट यांनी प्रयोगाने दाखविले. म्हणूनच १९६७ साली मोटारींच्या धुराचे नियम करण्याची सत्ता मध्यवर्ती सरकारने स्वतःकडे घेतली, तेव्हा कॅलिफोर्नियाला अपवाद म्हणून अधिक कडक नियम करण्याची मुभा ठेवली. त्यासाठी मध्यवर्ती सरकारची अनुमती लागते. पण ती नाकारावयाची तर कायद्यात सांगितलेल्या कारणांवरूनच नाकारावी लागते. १९७७ पासून इतर राज्यांनाही हे नियम स्वीकारता येऊ लागले.

याच अधिकारात २०२२ साली त्या राज्याने ठरविले की, विक्रीस येणाऱ्या नव्या मोटारींपैकी २०२६ मध्ये शेकडा ३५, २०३० मध्ये शेकडा ६८ आणि २०३५ मध्ये सर्वच्या सर्व धूररहित असाव्यात. विजेवर भारित होणाऱ्या काही संमिश्र मोटारींस त्यात जागा होती. डिसेंबर २०२४ मध्ये अनुमती मिळाली. मे २०२५ मध्ये काँग्रेसने ती रद्द करणारा ठराव केला आणि १२ जून रोजी अध्यक्ष ट्रम्प यांनी त्यावर सही केली.

माझा आक्षेप येथे आहे. ज्या १९९६ च्या कायद्याचा आधार घेतला, तो सरकारी खात्यांनी केलेले 'नियम' रद्द करण्यासाठी आहे. अनुमती म्हणजे नियम नव्हे, असे काँग्रेसच्याच लेखातपासणी कार्यालयाने सांगितले. सिनेटच्या नियमतज्ज्ञांचेही मत तेच पडले. तरीही ५१ विरुद्ध ४४ मतांनी ठराव संमत झाला. या मार्गाची खरी गोम अशी की, एकदा रद्द केलेला नियम त्याच स्वरूपात पुन्हा करता येत नाही. म्हणजे उद्याच्या सरकारचेही हात आजच बांधले गेले! बहुमतास कायदा बदलण्याचा अधिकार आहे, हे मी वकील म्हणून नाकारीत नाही. त्यांनी मूळ कायदा उघडपणे दुरुस्त करावयाचा होता. पण त्यासाठी सिनेटमध्ये व्यवहारतः ६० मते लागली असती, आणि ती त्यांच्यापाशी नव्हती.

विजेची मोटार महाग, गरिबाने ती कोठून घ्यावी, असे विरोधक म्हणतात. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. परंतु तो नियम नव्या मोटारींच्या विक्रीपुरता होता. जुनी पेट्रोलची मोटार चालविण्यास वा विकण्यास त्यात मनाई नव्हती. शिवाय गरिबाच्या नावाने बोलणाऱ्यांनी एकदा बॉइल हाइट्स ही वस्ती पाहावी. बहुतांशी मेक्सिकन वंशाच्या श्रमिकांची ही वस्ती. तिच्यातून एकामागून एक द्रुतगती मार्ग काढले गेले. ज्याला परवडते तो धुरापासून दूर राहावयास जातो. घरभाड्याने जखडलेला माणूस मात्र मोटार असो वा नसो, तोच धूर रात्रंदिवस छातीत घेतो. रस्त्याकाठच्या खोलीत ज्यांनी आयुष्य काढले आहे, त्यांना हे मी अधिक काय सांगावे?

ज्या दिवशी ठरावावर सही झाली, त्याच दिवशी कॅलिफोर्नियासह ११ राज्यांनी त्याविरुद्ध दावा दाखल केला. मोटार कोणती चांगली, हा प्रश्न त्यांनी न्यायालयापुढे ठेवलेला नाही. कायद्याने दिलेली अनुमती कायद्याबाहेरच्या मार्गाने काढून घेता येते काय, एवढेच त्यांनी विचारले आहे.