कुलूपबंद घरांची मोजदाद

गणपतीच्या चार दिवस आधी रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या वाड्यांमध्ये कुलपे निघू लागतात. ओटीवरची वर्षभराची धूळ झाडली जाते, पडवीतला पालापाचोळा उचलला जातो, चूल पेटते. विसर्जन झाले की चाकरमानी मुंबईला परततात आणि चावी शेजारच्या म्हातारीकडे जाते. वाडीत खरोखर माणसे किती, हे तिलाच विचारावे. कुठल्या घरात रात्री दिवा लागतो, हे तिला पाठ असते.

जनगणनाही तेच सांगते. 2001 ते 2011 या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे 16 टक्क्यांनी वाढली. त्याच दहा वर्षांत रत्नागिरी जिल्हा 16,96,777 वरून 16,15,069 वर आला, सिंधुदुर्ग 8,68,825 वरून 8,49,651 वर. दोन्ही जिल्ह्यांत मिळून लाखभर माणसे घटली. 2011 मध्ये रत्नागिरीत हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया होत्या, राज्यात 929. पुरुषांनी मुंबई गाठायची आणि मनिऑर्डरवर घर चालायचे, ही गिरण्यांच्या काळापासूनची रीत. 1982च्या संपानंतर गिरण्या गेल्या, ओढा मात्र राहिला. आता बायकामुलेही सोबत जातात.

गावात काम नाही, हे मात्र खरे नाही. हापूसच्या बागांत राखणीला नेपाळहून माणसे येतात. काम आहे, वर्षभर पुरेल अशी भरवशाची कमाई नाही. त्यात भातखाचरात वानरांचा उपद्रव. हात कमी पडले की खाचर पडीक राहते. मुंबईच्या पैशातून चिऱ्याचे घर उभे राहते, त्यावर स्लॅबही पडतो, पण शेजारच्या शाळेच्या पटावर मूल येत नाही. बाहेरून आलेला पैसा आणि गावात पिकलेला पैसा यांतला हा फरक योजना आखणाऱ्यांनी मनावर घेतला पाहिजे.

हिवरे बाजार या गावाने तो मनावर घेतला. कमी पावसाच्या या गावात 1995च्या सुमारास 182 पैकी 168 कुटुंबे दारिद्र्यरेषेखाली होती. पोपटराव पवार 1989 मध्ये सरपंच झाले. पुढे ग्रामसभेने पाणलोटाची कामे केली, चराईबंदी पाळली, शेतीसाठी बोअर घेणे थांबवले, ऊस आणि केळी नाकारली. दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरू लागली. विहिरींना पाणी आले, चारा आला, दूध वाढले. मग पुण्या-मुंबईला गेलेली कुटुंबे परतली. कोकणात पाऊस उदंड, तरी उन्हाळ्यात वाड्यांवर टँकर जातो. हिवरे बाजारची नक्कल इथे चालणार नाही, पण आधी कमाई उभी राहिली आणि मग माणसे आली, हा क्रम इथेही लागू आहे.

इथे सरकारची जबाबदारी येते. पंचायतींना मिळणारा वित्त आयोगाचा निधी प्रामुख्याने लोकसंख्येवर ठरतो. माणसे घटली की निधी आटतो. डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्यांच्या नळयोजनेची आणि रस्त्याची लांबी मात्र तेवढीच राहते. मागे उरलेल्या वृद्धांवर हा अन्याय आहे. राज्याने वाटपात वाड्यांच्या विखुरलेपणाला आणि वृद्धांच्या प्रमाणाला वजन द्यावे. आंबा-काजूवरची प्रक्रिया तालुक्याच्या गावी नव्हे, वाडीच्या जवळ व्हावी, म्हणजे हंगाम सरल्यावरही हाताला काम राहील.

2027च्या जनगणनेत घरयादी आधी होते, माणसांची मोजणी फेब्रुवारी 2027 मध्ये. घरयादीत रिकाम्या घरांचीही नोंद होते. ते गाववार आकडे वर्षानुवर्षे दप्तरात न ठेवता ग्रामपंचायतींना तातडीने मिळावेत आणि ग्रामसभेत वाचले जावेत. ती सभा गणपतीच्या दिवसांत घ्यावी, चाकरमानी गावात असताना.