हिवाळ्यावरचा आळ

‘थंडीत सोलर चालत नाही’ हे मत मुंबईजवळच्या आपल्या तळवलीत सध्या इतक्या ठामपणे सांगितलं जातंय, की ज्यांच्या गच्चीवर पॅनल व्यवस्थित चालू आहेत तेही बिचकून बोलू लागलेत. मत मांडणारे एक गृहस्थ आहेत. विजेच्या क्षेत्रात आयुष्य काढल्याचं ते सांगतात, बोलतात ठासून, आणि सोसायटीच्या सभेत त्यांच्यानंतर तोंड उघडायला कुणी धजत नाही. त्यांचा हिशेब असा: पावसाळ्याचे चार महिने ढगात गेले, हिवाळ्याचे चार महिने सूर्य मंद म्हणून गेले, उरले उन्हाळ्याचे चार. चार महिन्यांसाठी दीड-दोन लाख घालणारा माणूस फसला. सोलर राजस्थानात शोभतं, खाडीकाठी नाही. पुरावा म्हणून त्यांच्याजवळ कुणाचंतरी डिसेंबरचं वीजबिल आहे, आणि मोबाइलवर परदेशातला एक व्हिडिओ, बर्फाळलेल्या छपरावरच्या केविलवाण्या पॅनलचा.

पहिला प्रश्न साधा आहे. तळवलीत चार महिने हिवाळा कुठून आणला? डिसेंबर-जानेवारीच्या काही पहाटे अंगावर चादर ओढावी लागते, तेवढीच आपली थंडी. दुपारी बारा वाजता याच महिन्यांत पारा तिशीला टेकतो. व्हिडिओतलं छप्पर ज्या अक्षांशावर आहे तिथली गोष्ट वेगळी. लंडनला 21 डिसेंबरच्या आसपास दिवस आठ तासांचाही नसतो आणि भरदुपारी सूर्य क्षितिजावर जेमतेम 15 अंश चढतो. आपण 19 अंश उत्तरेला. इथे त्याच दिवशी जवळजवळ 11 तास उजेड असतो आणि मध्यान्हीला सूर्य 47 अंशांच्या वर असतो. त्या देशांतल्या लोकांनी हिवाळ्याची काळजी करणं रास्तच आहे, त्यांना घर तापवायलाही वीज लागते. ती काळजी उचलून रबाळे-घणसोलीच्या गच्च्यांवर आणून टाकण्यात कसला शहाणपणा?

सूर्य खाली असतो म्हणून वीज कमी, हे त्यांचं मुख्य सूत्र. ते तपासायला जुलै महिना पुरेसा आहे. आपल्याकडे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो, एकदा मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस. शून्य सावलीचे दिवस म्हणतात ते हेच. जुलैअखेर दिवसही 13 तासांचा असतो. गृहस्थांचं सूत्र खरं असतं तर जुलैत पॅनलनी विक्रम करायला हवा होता. प्रत्यक्षात जुलै आणि ऑगस्ट हेच आपल्याकडचे सगळ्यांत पडते महिने, कारण मध्ये ढगांची गोधडी असते. डिसेंबरात सूर्य खाली, पण आकाश मोकळं. त्यामुळे नीट तिरकं बसवलेलं, स्वच्छ आणि सावलीबाहेरचं 3 किलोवॉटचं सोलर डिसेंबर-जानेवारीतही दिवसाला 12 युनिटांच्या आसपास देतं. ‘एका किलोवॉटला दिवसाला चार युनिटं’ ही जी सरासरी विक्रेते सांगतात, तिच्या जवळच हा आकडा आहे. मुसळधार पावसाच्या दिवशी याच सोलरला निम्मं गाठणंही जड जातं.

‘नीट तिरकं’ म्हणतो त्यावर मात्र अडून राहायला हवं. गावठाणात आपण गच्चीवर पत्र्याची शेड घालतो आणि पुष्कळ ठिकाणी पॅनल थेट त्या पत्र्यालाच खिळवतात. पत्रा असतो पावसाचं पाणी काढण्यापुरता उतरता, तोही शेजाऱ्याच्या भिंतीवर पाणी जाऊ नये म्हणून ज्या दिशेला सोयीचा पडेल त्या दिशेला. अशा जवळजवळ आडव्या पॅनलवर डिसेंबरच्या मध्यान्हीचं थेट ऊन 74 टक्क्यांच्या आसपास लागू पडतं. तेच पॅनल दक्षिणेला तोंड करून 20 अंश उचललं तर 92 टक्के. भूमितीचं गणित आहे, कुणीही वहीवर मांडून बघावं. चार अँगलचा खर्च वाचवायचा आणि मग हिवाळ्याला दोष द्यायचा, असा हा प्रकार.

थंडीमुळे पॅनल ‘गारठतात’, असंही एक वाक्य सभेत ऐकलं. पॅनल उन्हाच्या उजेडावर चालतं, उष्णतेवर नाही. उष्णता त्याची वैरीण आहे. त्याचा छापील वॅटेज 25 अंश तापमानाला मोजलेला असतो आणि सेल तापला की प्रत्येक अंशामागे साधारण तिसरा हिस्सा टक्का वीज घटते. मे महिन्यात पत्र्यालगतचा सेल साठीच्या पुढे जातो. आपली थंडी सौम्य, म्हणून तिचा फायदा थोडा, पण फायदाच. हा गैरसमज कुठून आला तेही ठाऊक आहे. पाणी तापवायचे सोलर हीटर आले तेव्हा थंडीत सकाळी बादलीभर कोमट पाणी मिळालं की लोक चिडायचे. टाकीत येणारं पाणीच गार असायचं आणि आंघोळीला लागायचं जास्त. तो राग आजही गच्चीवरच्या प्रत्येक निळ्या-काळ्या वस्तूवर निघतो. इलेक्ट्रॉनिक मीटर आले तेव्हाही हेच झालं होतं. मीटर पळतं, मीटर पळतं म्हणून वर्षभर ओरड, आणि घरातला तीस वर्षांचा फ्रिज किती खातो हे बघायला कुणी तयार नव्हतं. तेव्हाही सभेत छातीठोक बोलणारे होतेच.

आता त्या डिसेंबरच्या बिलाकडे येतो. बिल खरं आहे, यावर मी वाद घालत नाही. त्या घराला डिसेंबरात वीज कमी मिळाली हेही मान्य. मला राग आहे तो त्याचं कारण न शोधता निकाल देण्याचा. तळवलीत हिवाळ्यात वीज घटते ती बहुतांशी धुळीने आणि सावलीने, आणि ही दोन्ही माणसांची कामं आहेत.

धूळ आधी. मुंबईतून मान्सून साधारण 8 ऑक्टोबरला परततो. तोवर चार महिने पाऊस पॅनल फुकटात धुतो. त्यानंतर जूनपर्यंत पाऊस जवळजवळ नाहीच. तळवलीच्या पूर्वेला ठाणे-बेलापूर रस्ता, त्याच्या पलीकडे टीटीसीचा कारखान्यांचा पट्टा आणि त्यामागे पारसिकचा डोंगर. हिवाळ्यात रात्री-पहाटे वारा जमिनीकडून खाडीकडे वाहतो, म्हणजे रस्ता आणि कारखाने ओलांडूनच आपल्याकडे येतो. थंड हवा खाली दबलेली असते, धूर वर निघून जात नाही. त्यात चहूकडे बांधकामं. हे सगळं जाऊन बसणार कुठे? पांढरं फडकं घेऊन डिसेंबरात एखाद्या पॅनलवरून हात फिरवा. फडक्यावर मातीचा पिवळटपणा येत नाही, येतो काळसर, किंचित तेलकट, बोटांना खरखरणारा थर. नुसत्या फुंकरीने तो हलत नाही.

त्याहून वाईट गोष्ट काचेच्या खालच्या कडेला असते आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. पहाटे पॅनलवर दव पडतं. त्याचा ओघळ धूळ घेऊन खाली येतो, ॲल्युमिनियमच्या चौकटीला अडतो आणि ऊन चढलं की तिथेच वाळतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा. महिनाभरात खालच्या कडेला बोटभर रुंदीचा घट्ट, सिमेंटसारखा पट्टा तयार होतो. पॅनल जितकं आडवं तितका हा पट्टा जाड, कारण पाण्याला चौकट ओलांडून जायला उतारच नसतो. दुरून पॅनल स्वच्छ दिसतं. पण लांब बाजू उभी ठेवून बसवलेल्या पॅनलमध्ये सेलांच्या खालच्या पूर्ण ओळीवर हा पट्टा येतो, आणि सेल एकापाठोपाठ एक जोडलेले असल्यामुळे त्या मंद ओळीपायी वरच्या लख्ख उजेडातल्या सेलांचाही प्रवाह अडतो. लांब बाजू आडवी ठेवली असेल तर पट्टा एकाच भागावर येतो, बायपास डायोड तेवढा भाग वगळतो आणि उरलेलं चालू राहतं. बोटभर मातीमुळे एवढं नुकसान होतं, आणि आमचे गृहस्थ सूर्याकडे बोट दाखवतात.

आता सावली. मे महिन्यात भरदुपारी पॅनल बसवताना पाण्याच्या टाकीची सावली टाकीच्या पायाशीच असते. बसवणारा म्हणतो, सगळं मोकळं आहे, आणि त्या दिवशी ते खरंही असतं. 21 डिसेंबरला मध्यान्हीच त्या टाकीची सावली तिच्या उंचीच्या नऊ-दशांश इतकी उत्तरेला पसरते. सूर्याच्या वेळेने सकाळी नऊला आणि दुपारी तीनला ती उंचीच्या पावणेदोन पटीच्या पुढे जाते. दहा फुटांवर टाकीचा माथा असेल तर अठरा फूट सावली. गावठाणातल्या आपल्या इमारती एकमेकींना खेटून, कुणाची चार मजली, शेजारच्या चुलत्यांची पाच मजली. तो वरचा एक मजला दक्षिणेला असेल तर नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत तुमच्या गच्चीवरचं ऊन तो खाणार. त्यात गच्चीवर कपड्यांच्या दोऱ्या, वाळत घातलेली सुकी मासळी, तिच्या वासाने येणारे कावळे आणि त्यांची शिट. वाळलेली एक शिटसुद्धा त्या सेलला तापवत ठेवते.

यातलं नेमकं काय झालंय हे ओळखणं अवघड नाही. इन्व्हर्टरच्या ॲपवर दिवसाचा आलेख दिसतो. निरभ्र दिवशी तो टेकडीसारखा गोल हवा. रोज ठराविक वेळी त्याचा लचका तुटलेला दिसला, तर ती सावली. आकार गोलच, पण सगळी टेकडी महिन्यागणिक खचत चालली, तर धूळ. सकाळचा खांदा बसलेला आणि दुपार बरी, तर हवेतलं धुरकं. करवतीसारखे दाते दिसले तर ढग. ज्यांनी डिसेंबरचं बिल सभेत फडकवलं त्यांनी त्या घरचा हा आलेख एकदा तरी उघडून पाहिला होता का? मी विचारलं. उत्तर मिळालं नाही, पुन्हा परदेशाचा दाखला मिळाला.

बाकीच्या आक्षेपांवर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. खाऱ्या हवेने स्ट्रक्चर गंजतं, हे खरं, म्हणून गॅल्व्हनाइज्ड किंवा ॲल्युमिनियमचंच घ्यावं. अनुदान कागदावरच राहतं म्हणतात. पंतप्रधान सूर्यघर योजना फेब्रुवारी 2024 पासून आहे आणि 3 किलोवॉटला 78,000 रुपये ही तिची मर्यादा जाहीर आहे. महाराष्ट्रात सोलर रुजत नाही म्हणतात. त्यांनी पाटण तालुक्यातल्या मान्याचीवाडीला जाऊन यावं, 2024 मध्ये ते राज्यातलं पहिलं सौरग्राम ठरलं.

मग माझं म्हणणं काय? मुख्य म्हणजे हिवाळा हा आपल्या हिशेबातला कमाईचा काळ आहे. नेट मीटरिंगमध्ये जास्तीची युनिटं पुढच्या महिन्यात ओढली जातात आणि 31 मार्चला आर्थिक वर्षाचा हिशेब होतो. ऑक्टोबरनंतर एसी बंद, पंखे मंद, घराचा वापर उतरलेला. खर्च होतो तो सकाळच्या गिझरवर, आणि तो दिवसा जमा झालेल्या युनिटांतून वळता होतो. पावसाळ्यात जे ग्रिडकडून जास्त घेतलं, त्याचे पैसे तेव्हाच्या बिलात भरून झालेले असतात. हिवाळ्यातली शिल्लक मार्चमधल्या पहिल्या उकाड्याला उपयोगी पडते. महावितरणचे दर टप्प्याटप्प्याने चढतात, 100 युनिटांपर्यंत एक, 300 पर्यंत दुसरा, पुढे आणखी चढे. सोलर आधी वरचे, महागडे टप्पे कापतं. स्थिर आकार चुकत नाही, तो भरावाच लागतो. ‘बिल शून्य’ असं सांगून सोलर विकणाऱ्यांवरही माझा तितकाच राग आहे, कारण अशा थापांमुळेच डिसेंबरचं साधं बिल लोकांना फसवणूक वाटतं.

ज्यांच्या गच्चीला दक्षिणेकडून खरोखरच सावली आहे, त्यांनी सोलर घेऊ नये किंवा प्रत्येक पॅनलला वेगळा मायक्रोइन्व्हर्टर लावावा. बाकीच्यांनी ऑक्टोबरात पाऊस सरला की पंधरवड्यातून एकदा पॅनल धुवावेत, पहाटे किंवा सूर्य मावळल्यावर, काच थंड असताना. बोअरचं जड पाणी नको, त्याचे पांढरे डाग बसतात. नळाचं पाणी आणि मऊ ब्रश पुरतो, आणि खालच्या कडेवरून दोनदा हात फिरवायचा. घर भाड्याचं असलं तर मालकाशी हे आधी बोलून घ्यावं. गच्ची भावकीत वाटलेली असली तर धुणार कोण, हे करारातच लिहावं.

जे आता सोलर बसवणार आहेत त्यांनी बसवणाऱ्याला मोकळी गच्ची दाखवून भागणार नाही. येत्या 21 डिसेंबरला सकाळी नऊला, बाराला आणि तीनला टाकीची, जिन्याच्या टॉवरची आणि शेजारच्या इमारतीची सावली खडूने गच्चीवर आखून ठेवा आणि पॅनल त्या रेषांच्या बाहेरच बसवून घ्या. आमच्या गृहस्थांनाही त्या दिवशी यायचं आमंत्रण आहे. खडू मी आणतो. येताना त्यांनी त्या डिसेंबरच्या बिलासोबत त्या घरच्या ॲपचा आलेखही आणावा.