आमच्या घरातल्या दोन कट्यारी

आमच्या घरात दोन पक्ष आहेत. मतदानातले नव्हेत, ते तर पाचेक असतील. हे दोन पक्ष 'कट्यार काळजात घुसली'चे. नाटकवाले नांदेडला राहतात आणि सिनेमावाले लातूरला. मध्ये लोहा, अहमदपूर आणि एसटीचा एक चहाचा थांबा. माझी नोकरी नांदेडला, घर लातूरला. त्यामुळे दर पंधरा दिवसांनी मी सरहद्द ओलांडते आणि दोन्हीकडे फितूर ठरते.

नाटकपक्षाचे तहहयात अध्यक्ष म्हणजे माझे काका. सिनेमापक्षाची धुरा त्यांच्या धाकट्या बहिणीकडे, म्हणजे माझ्या आत्याकडे. काकांनी सत्तरच्या दशकात, नोकरीही नसताना, रात्रीच्या एसटीनं तेव्हाच्या औरंगाबादला जाऊन 'कट्यार' पाहिलं होतं. खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. पहाटे परत आले तर खिशात साडेतीन रुपये आणि गळ्यात ताप. त्यानंतर चाळीस वर्षं आमच्या गल्लीतल्या गणपतीत काकांची दोन नाट्यपदं ठरलेली. एक संपलं की पोरं दुसऱ्याच्या आधीच प्रसादाच्या रांगेत उभी राहायची, हा भाग वेगळा!

आता ज्यांनी दोन्हीही पाहिलेलं नाही (हसू नका, माझ्या ऑफिसातच तिघं आहेत) त्यांच्यासाठी थोडक्यात. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं हे संगीत नाटक 1967 च्या डिसेंबरात रंगमंचावर आलं. संगीत पंडित जितेंद्र अभिषेकींचं, निर्मिती प्रभाकर पणशीकरांच्या 'नाट्यसंपदा'ची. गोष्ट विश्रामपूर संस्थानातली. राजगायक पंडित भानुशंकर आणि त्यांच्यासमोर खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले. राजगायकाला मिळते हवेली आणि एक कट्यार. त्या कट्यारीनं केलेला एक खून माफ! हवेली, खंजीर, एका गायकाचा अचानक गेलेला आवाज, दुसऱ्याचं विजयानंतर पोखरत जाणारं मन. इंग्रजीत असतं तर याला 'गॉथिक' म्हणून वेगळं कपाट मिळालं असतं. आपण त्याला नाट्यसंगीताच्या कपाटात ठेवलं आणि त्यातली भीती विसरून गेलो.

सिनेमा आला 12 नोव्हेंबर 2015 ला, ऐन पाडव्याला. दिग्दर्शक सुबोध भावे, खाँसाहेब सचिन पिळगावकर, पंडितजी शंकर महादेवन. गंमत अशी की 2010 मध्ये हेच नाटक नव्यानं रंगमंचावर आणलं तेही सुबोध भावे आणि वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांनीच. नाटकात राहुल स्वतः खाँसाहेब आणि महेश काळे सदाशिव. सिनेमात खाँसाहेबांचा चेहरा सचिनचा, गळा मात्र राहुलचाच. सदाशिवाचा चेहरा सुबोधचा, गळा महेश काळेंचा. 'अरुणी किरणी'साठी महेशना पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. म्हणजे रंगमंचावरचे गळे पडद्यावर आले, फक्त माणसं बदलली. काकांचा पहिला आक्षेप इथंच. "ओठ एकाचे, घाम दुसऱ्याचा," असं त्यांनी मला सांगितलं. सांगितलं म्हणजे कुजबुजले. ते का, ते पुढं येतंय.

मी पुण्यात शिकत असताना नवं नाटक पाहिलं होतं. खरं सांगू? पहिला अर्धा तास मला त्यातलं काहीच शिरलं नाही. शेजारच्या आजोबांनी पहिल्याच तानेला 'वा' म्हटलं आणि मला वाटलं आपण चुकून परीक्षेला बसलोय. मग राहुलनं एक पद घेतलं, लोकांनी 'वन्स मोअर' दिला आणि तो पुन्हा गायला. पण पुन्हा म्हणजे तसंच नाही. दुसऱ्यांदा एका जागेवर तो भलतीकडेच वळला, तबलजीनं मान वर करून पाहिलं, आणि सगळं थिएटर एका सेकंदासाठी पुढं झुकलं. आता हा कुठं जाणार? तो पोहोचेपर्यंत मी श्वास घेतला नसावा. सिनेमात हे होत नाही. सिनेमातलं गाणं कुठं जाणार ते ठरलेलं असतं.

पण थांबा, हे मी नांदेडच्या बाजूनं बोलले. लातूरची बाजू ऐका.

आत्याचं म्हणणं असं, की नाटक नाटक काय करता, ते आमच्यापर्यंत आलं किती वेळा? वादक, गायक, नेपथ्याचा ट्रक, राहण्याखाण्याचा खर्च. एवढं सगळं घेऊन मराठवाड्यातल्या तालुक्यांपर्यंत संगीत नाटक उतरणं सोपं नव्हतं. काका एसटीनं जाऊ शकले कारण ते पुरुष होते आणि बिनलग्नाचे होते. आत्याला घरात ठेवून काका गेले! ती तेव्हा सोळा वर्षांची होती. "तू पाहून आलास आणि मला गाऊन दाखवलंस, तेवढंच माझं नाटक," असं ती काकांना आजही सुनावते. मग 2015 मध्ये तिच्या घरापासून रिक्षानं दहा मिनिटांवर, शंभराच्या आसपासच्या तिकिटात, तिला तिचं 'कट्यार' मिळालं. या मुद्द्याला काकांकडे उत्तर नाही. माझ्याकडेही नाही.

त्या वर्षी लातूरची काय अवस्था होती ते आठवत असेल. नळाचं पाणी किती दिवसांनी येईल याचा भरवसा नव्हता, अंगणात रांजण, टाक्या, ड्रम. फराळ कमी आणि भांडी घासायला नको म्हणून कागदी प्लेटा. काका भाऊबीजेला आले आणि आत्यानं ओवाळणीत पैसे नको म्हणाली. "सगळ्यांना सिनेमा दाखव." आम्ही सातजण गेलो. सिनेमात पंडितजी मिरजेला खाँसाहेबांचं गाणं ऐकतात आणि त्यांना विश्रामपूरला बोलावतात. (मिरजेहून आमच्याकडे पुढच्याच एप्रिलमध्ये रेल्वेनं पाणी आलं, पण ती वेगळी मैफल.) दोघांची दोस्ती, मग वर्षानुवर्षं दसऱ्याच्या मैफलीत हरण्याचा कडवटपणा, मग तो शेंदूर. आणि भर दरबारात पंडितजींचा गळा बंद पडतो. कॅमेरा शंकर महादेवनच्या चेहऱ्यावर जातो, तोंड उघडं, आवाज नाही.

काका उठले आणि बाहेर गेले.

आत्याला वाटलं, झालं, नाटकवाल्यांचा बहिष्कार सुरू! मलाही तसंच वाटलं. दहा मिनिटांनी मी बाहेर गेले तर काका पायरीवर बसून पाणी पीत होते. दोन वर्षांपूर्वी, 2013 मध्ये, त्यांच्या स्वरयंत्राचं ऑपरेशन झालं होतं. जीव वाचला, आवाज गेला. उरली ती फक्त कुजबुज, घासलेली. त्यानंतर गणपतीत त्यांची दोन पदं कुणी मागितली नाहीत आणि त्यांनीही विषय काढला नाही. आणि आम्ही सातजण, सगळे शहाणे, शिकलेले, त्यांना घेऊन काय बघायला गेलो होतो तर आवाज गेलेल्या गायकाची गोष्ट. एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. गाणी पाठ असली की गोष्ट दिसत नाही म्हणतात ती अशी.

काका म्हणाले, "नाटकात हे मला चाललं असतं." मी विचारलं, का? "नाटकात मी लांब बसलेला असतो. त्याचा गळा माझ्या मनात बंद पडतो, मला झेपेल तेवढाच. इथं भिंतीएवढा करून दाखवायलेत."

नाटक विरुद्ध सिनेमा यावर मी बरंच वाचलंय, स्वतःही बडबडले आहे, पण यापेक्षा नेमकं काही ऐकलं नाही. पडद्याला सगळं दाखवायचं असतं. कोण कुठून आला, का दुखावला, विष कुणी कालवलं. हा एकट्या 'कट्यार'चा दोष नाही. माझी एक कलीग मार्च 2025 मध्ये मुंबईला 'द फँटम ऑफ द ऑपेरा'चा प्रयोग पाहून आली. 1986 मध्ये लंडनमध्ये सुरू झालेलं ते नाटक. तिथंही एक मुखवट्याआडचा गुरू, एक आवाज आणि थिएटरच्या पोटातला अंधार. आल्यापासून ती 2004 च्या सिनेमावर चिडून आहे. सिनेमात त्या फँटमचं लहानपण, जत्रेतल्या पिंजऱ्यातलं, फ्लॅशबॅकमध्ये रीतसर दाखवलंय. नाटकात मध्यंतराआधी कोसळणारं ते प्रचंड झुंबर सिनेमात शेवटाकडे नेऊन ठेवलंय. "मुखवट्यामागचं मला बघायचंच नव्हतं!" असं ती लंचच्या डब्यावर हात आपटून सांगते. नांदेडच्या वजिराबादेत बसून लंडनच्या झुंबरासाठी भांडणारी ही बाई मला फार आवडते.

खाँसाहेबांचंही तेच झालं. नाटकातले खाँसाहेब मला जास्त भितीदायक वाटले, कारण ते मला कळत होते. हवेली मिळाली, कट्यार मिळाली, पण मनातल्या मनात आपण जिंकलोच नाही हे त्यांना माहीत आहे. सिनेमात ते बरेचसे खलनायक झाले. सचिननं काम झकास केलं, माझ्या अपेक्षेपेक्षा खूपच चांगलं, पण पटकथेनं त्यांना काळ्या रंगात जरा जास्तच बुडवलं. काकांच्या शेजारी एक चाचा राहतात, शिलाईचं दुकान आहे, कव्वालीचे दर्दी. सिनेमा बघून आल्यावर ते एवढंच म्हणाले, "भाई, खाँसाहब को थोड़ा और गाने देते, थोड़ा कम जलाते." नांदेड-लातूर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होतं, आमचे आजोबा उर्दूतून शिकले. खाँसाहेबांची ती मराठीत मिसळलेली उर्दू पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला 'फ्लेवर' वाटते, आमच्याकडे ती शेजारची भाषा आहे. म्हणून खाँसाहेब परका झालेला आमच्या गल्लीला लगेच टोचतो.

तरीही सिनेमाला एक गोष्ट जमली जी नाटकाला इतक्या वर्षांत जमली नव्हती. शंकर-एहसान-लॉय यांनी अभिषेकींच्या जुन्या पदांशेजारी नवी गाणी ठेवली आणि ज्या पोरांनी तानपुरा कधी पाहिला नव्हता ती 'सूर निरागस हो' म्हणायला लागली. गेल्या काही वर्षांत मी लातुरात एकही गॅदरिंग त्याच्याशिवाय पाहिलेलं नाही. (आता ते बंद केलं तरी चालेल, पण असो.) त्यातली दोन पोरं पुढं क्लास लावून खरोखर शिकली. एक आत्याचा नातू.

काकांनी सिनेमा नंतर पूर्ण पाहिला, मोबाइलवर, एकट्यानं, इअरफोन लावून. दरबाराचा तो प्रसंग ते पुढं ढकलतात. आत्याला हे मीच सांगितलं, फितूर म्हणून. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मग या भाऊबीजेला पेटी घेऊन ये म्हणावं."

काका पेटी घेऊन आले. 'घेई छंद मकरंद' या पदाच्या दोन चाली आहेत. पंडितजींची धानी रागातली, खाँसाहेबांची सालगवराळीतली. शब्द तेच. दोन घराण्यांचं अख्खं भांडण अभिषेकींनी त्या एका पदात ठेवून दिलंय. काकांची बोटं अर्थातच वसंतरावांच्या चालीवर गेली. आत्या मात्र पंडितजींची चाल गायला लागली, कारण तिला तीच झेपते. दोन ओळी नुसता गोंधळ! नातू हसायला लागला. काकांनी भाता थांबवला, बहिणीकडे पाहिलं आणि धानीचे सूर धरले.

अंतऱ्याला आत्या अडली. शब्द विसरली. काका पेटीवर वाकले आणि कुजबुजीत पुढचा शब्द सांगितला. तिला ऐकू गेला नाही.

"मोठ्यानं सांग की, दादा," ती म्हणाली आणि तिथंच थांबली.

काकांनी पुन्हा सांगितला, तिच्या कानाशी जाऊन.