सात डॉलर नाकारणारी पलटण

महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. तेव्हापासून तिथल्या यादवी युद्धाचे एक चित्र मराठी मनात पक्के बसले आहे. उत्तरेकडच्या उदार गोऱ्यांना दया आली, लिंकनने जाहीरनामा काढला आणि गुलाम सुटले. जोतिरावांना त्या उदाहरणाने इथल्या जातिवर्चस्वाला लाजवायचे होते, आणि त्यांनी ते केले ते योग्यच केले. पण आज त्या युद्धातल्या काळ्या शिपायांची पत्रे छापील स्वरूपात उपलब्ध आहेत. तरीही आपले वक्ते आणि लेखक तीच उपकारकथा सांगत राहतात, हे मला मान्य नाही. त्या कथेतून मॅसॅच्युसेट्सची चौपन्नावी पायदळ पलटण साफ गळून पडते.

ही काळ्या स्वयंसैनिकांची पलटण १८६३च्या आरंभी उभी राहिली. गव्हर्नर जॉन अँड्र्यू यांनी युद्धखात्याची परवानगी मिळवली, पण त्यांच्या राज्यात काळी वस्ती थोडी. म्हणून पेनसिल्व्हेनिया, ओहायो, न्यूयॉर्क आणि अगदी कॅनडातूनही माणसे आली. गुलामीतून पळून आलेले थोर वक्ते फ्रेडरिक डग्लस यांनी भरतीसाठी आवाहने केली आणि लुईस व चार्ल्स या आपल्या दोन मुलांनाही पलटणीत धाडले.

१९८९चा ‘ग्लोरी’ हा चित्रपट पाहिलेल्यांना वाटते की हे बहुतेक पळून आलेले गुलाम होते आणि कर्नल रॉबर्ट गूल्ड शॉ या पंचविशीतल्या गोऱ्या तरुणाने त्यांना माणसात आणले. हे खरे नाही. पलटणीतले बहुसंख्य लोक स्वतंत्र जन्मलेले, उत्तरेत कष्ट करून पोट भरणारे होते. त्यांच्यात शेतकरी होते, न्हावी होते, खलाशी होते आणि पुष्कळांना लिहितावाचता येत होते. घरी सुखरूप राहण्याची मुभा असताना ते आले होते. पकडले गेलो तर युद्धकैद्याचा मान मिळणार नाही, गुलाम म्हणून विकले जाऊ, हेही त्यांना ठाऊक होते. शॉ शूर होता, याबद्दल वाद नाही. अशा पलटणीच्या गोऱ्या अधिकाऱ्यांना देहदंड देण्याचा ठराव दक्षिणेच्या काँग्रेसने केला होता, तरी तो मागे हटला नाही. पण त्याच्या शौर्यासाठी सहाशे माणसांना पार्श्वभूमी करून टाकणे हा इतिहास नव्हे.

१८ जुलै १८६३च्या संध्याकाळी चार्ल्सटन बंदराच्या तोंडाशी असलेल्या वॅगनर किल्ल्यावर या पलटणीने पहिली धडक दिली. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला दलदल आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. दिवसभर तोफा डागूनही किल्ल्याच्या आतली शिबंदी जवळजवळ शाबूत राहिली होती. शॉ तटावर पडला. सुमारे सहाशेंपैकी अडीचशेहून अधिक माणसे मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. सार्जंट विल्यम कार्नी स्वतः जखमी असताना निशाण घेऊन परतला. त्याला सन्मानपदक मिळायला १९०० साल उजाडावे लागले.

‘मग मिळवले काय? हल्ला फसलाच ना?’ असे विचारले जाते. हल्ला फसला, आणि त्याची योजनाही वाईट होती, हे मी निःसंकोच मान्य करतो. पण तो दोष वरच्या सेनापतींचा. शिपायांपुरता प्रश्न एकच होता: काळा माणूस गोळ्यांसमोर उभा राहील का? पोर्ट हडसन आणि मिलिकन्स बेंड इथे इतर काळ्या पलटणींनी त्याचे उत्तर आधीच दिले होते. वॅगनरनंतर ते साऱ्या देशाने ऐकले. युद्ध संपेपर्यंत सुमारे १,८०,००० काळे सैनिक उत्तरेच्या सैन्यात दाखल झाले होते. एवढ्या मनुष्यबळावाचून ते युद्ध तसे संपले असते, असे म्हणणाऱ्याने सैन्याची हजेरीपुस्तके एकदा पाहावीत.

तरीही या पलटणीची सर्वांत मोठी लढाई वॅगनरची नव्हती. ती पगाराची होती, आणि चित्रपटात ती काही मिनिटांत उरकली आहे. भरतीच्या वेळी कबूल केले होते गोऱ्या शिपायाइतके, म्हणजे महिना तेरा डॉलर. प्रत्यक्षात सरकारने पुढे केले दहा, त्यातही कपड्यांचे तीन कापून सात. काळ्या सार्जंटलाही तेवढेच. यासाठी १८६२च्या ज्या कायद्याचा आधार घेतला, तो मुख्यतः खंदक खणणाऱ्या मजुरांना डोळ्यांसमोर ठेवून केलेला होता. पलटणीने पैसे घ्यायला नकार दिला. पगारवाटप करणारा अधिकारी पुन्हा आला, पुन्हा नकार. मग मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने फरकाची रक्कम राज्याच्या तिजोरीतून द्यायचे ठरवले. तीही त्यांनी नाकारली!

हे भांडण पैशाचे होते, असे म्हणणाऱ्यांनी इथे थांबून विचार करावा. पूर्ण रक्कम हातात पडत असताना ती नाकारणारा माणूस पैशासाठी भांडत असतो का? केंद्र सरकारने आपल्याला पूर्ण शिपाई मानावे, एवढेच त्यांचे मागणे होते. न्यू बेडफर्डच्या व्हेलमारी जहाजांवर काम केलेल्या कॉर्पोरल जेम्स हेन्री गुडिंगने २८ सप्टेंबर १८६३ रोजी थेट लिंकनला पत्र लिहिले आणि आम्ही सैनिक आहोत की मजूर, असा सरळ सवाल टाकला. इकडे घरी बायकापोरांची उपासमार चालली होती. तशी पत्रे छावणीत येत होती आणि तरी नकार टिकून होता.

युद्धकाळात शिपायाने असे अडून बसणे ही बेशिस्त, हा आणखी एक आक्षेप. पण चौपन्नाव्या पलटणीने पगार नाकारला, कर्तव्य नाकारले नाही. फेब्रुवारी १८६४मध्ये फ्लोरिडातल्या ओलस्टीला उत्तरेचे सैन्य मोडले, तेव्हा माघार झाकायला हीच बिनपगारी पलटण उभी राहिली. सात डॉलरच्या नावाने आरोळ्या ठोकत ती रणात उतरली. इंजिन बंद पडल्यामुळे जखमींनी भरलेली आगगाडी अडकली, ती या लोकांनी दोर बांधून ओढत नेली. शिस्तीचा कठोर अर्थ लावणाऱ्यांनी काय केले, तेही सांगितले पाहिजे. तिसऱ्या साऊथ कॅरोलायना पलटणीच्या सार्जंट विल्यम वॉकरने याच अन्यायाविरुद्ध आपल्या तुकडीला शस्त्रे खाली ठेवायला लावली. त्याला फेब्रुवारी १८६४च्या अखेरीस गोळ्या घातल्या.

जून १८६४मध्ये काँग्रेसने समान पगाराचा कायदा केला, तोही हातचे राखून. १९ एप्रिल १८६१ रोजी जे स्वतंत्र होते त्यांनाच भरतीपासूनचा फरक मिळणार होता. मग पूर्वी गुलाम असलेल्यांचे काय? शॉनंतरचे कर्नल एडवर्ड हॅलोवेल यांनी शपथेची भाषाच अशी केली की त्या तारखेला आपल्या श्रमांवर दुसऱ्या कोणाचा हक्क नव्हता, एवढेच शिपायाने सांगायचे. गुलामीत जन्मलेल्यांनीही ती शपथ बेधडक घेतली. खोटे ते काय बोलले? माणसाच्या श्रमांवर धन्याचा हक्क कधी असतो का? सप्टेंबरअखेर पैसे हाती आले. गुडिंग मात्र ओलस्टीला पकडला गेला होता आणि जुलैमध्येच अँडरसनव्हिलच्या कैदेत मेला होता.

बॉस्टनमध्ये या पलटणीचे स्मारक १८९७ साली उभे राहिले. शिल्पकार सेंट-गॉडन्स यांनी काळ्या शिपायांचे चेहरे एकेक वेगळे, जिवंत घडवले. पण मेलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांची नावे त्यावर कोरली गेली आणि मेलेल्या शिपायांची नावे कोरायला १९८०चे दशक यावे लागले. बॉस्टनने आपली चूक उशिरा का होईना दुरुस्त केली. आता आपली पाळी आहे. ‘गुलामगिरी’च्या अर्पणपत्रिकेवर बोलणाऱ्या प्रत्येक वक्त्याला, तिच्यावर टीप लिहिणाऱ्या प्रत्येक संपादकाला माझी विनंती आहे: लिंकनचे नाव जरूर घ्या, पण जोतिरावांचे ते अर्पण गुडिंग, कार्नी आणि वॉकर यांनाही पोचते, हे त्याच ठिकाणी नावानिशी लिहा.