ज्यूलीचा सूड म्हणजे किसास नव्हे

फ्रांस्वा त्रुफोचा १९६८चा सिनेमा ‘द ब्राइड वोअर ब्लॅक’. लग्न लागून चर्चच्या पायऱ्यांवर आलेल्या ज्यूलीच्या नवऱ्याला गोळी लागते. समोरच्या इमारतीत पाच मित्र भरलेल्या रायफलशी खेळत होते. पुढे ज्यूली (जान मोरो) एकेकाला शोधून मारते. शेवटचा तुरुंगात असतो, म्हणून तीही तुरुंगात जाते आणि जेवणाच्या गाडीत सुरी लपवून त्याच्या कोठडीपर्यंत पोचते. दिसत काहीच नाही. किंकाळी ऐकू येते.

ती ऐकून मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण सोबतचा मित्र म्हणाला, ‘‘हाच ना तुमचा किसास?’’ आणि माझं डोकं फिरलं.

दुःख याचं की आपल्यातलेही अनेक जण किसासचा अर्थ सूड असाच सांगतात. अरे, किसास सुडाला लगाम घालायला आला! जाणूनबुजून केलेला खून हवा, तो सिद्ध व्हायला हवा, आणि सूरह बकराच्या त्याच आयतीत वारसांच्या माफीची वाटही मोकळी ठेवली आहे. चुकून झालेल्या हत्येचा हुकूम सूरह निसामध्ये वेगळा आहे. गुलामाची मुक्तता, वारसांना दियत, गुलाम मुक्त करणं शक्य नसेल तर सलग दोन महिने रोजे. ज्यूलीचा नवरा चुकून मेला. किसासचा प्रश्न तिथेच संपतो.

मग ते पाच जण निर्दोष? मुळीच नाही. ते पळाले. एकही त्या विधवेसमोर जाऊन ‘आमच्या हातून झालं’ असं म्हणाला नाही. दियत द्यायची तर आधी तोंड दाखवावं लागतं. तिच्यावरचा खरा अन्याय हा होता, पण सिनेमाला त्यात रस नाही. पुढचा खून कसा होणार, एवढीच उत्सुकता.

मोरानला ती जिन्याखालच्या कपाटात कोंडून गुदमरवते. अपघात होता, हे तो आतून सांगतो. तिला फरक पडत नाही. त्याच्या लहान मुलाची शिक्षिका बनून ती घरात शिरलेली असते. पोलीस खऱ्या शिक्षिकेला धरतात तेव्हा ज्यूली स्वतः फोन करून तिला सोडवते. निरपराधाला त्रास नको, इतकं तिला कळतं. आणि बापाविना राहिलेलं ते पोर? हिंदी सिनेमा असता तर तेच मोठं होऊन तिला शोधत आलं असतं आणि आपण त्यालाही शिट्ट्या मारल्या असत्या.

मूळ कादंबरी कॉर्नेल वूलरिचची, १९४०ची. ती जास्त प्रामाणिक आहे. तिथे शेवटी कळतं की तिने मारलेली माणसं त्या मृत्यूला जबाबदार नव्हतीच. त्रुफोने नेमका तोच शेवट बदलला.