वळणरस्ता आपल्या दारातून जातो तेव्हा

'रस्त्याचे काम चालू आहे, पर्यायी मार्गाचा वापर करावा' असा फलक लागला की गाडीवाल्याची फक्त वाट बदलते. पण तो पर्यायी मार्ग ज्यांच्या दारातून जातो, त्यांचे रोजचे जगणेच बदलते. काल ज्या गल्लीत मुले गोट्या खेळत होती, तेथून आज वाळूचे डंपर धावतात. बंगल्याला कुंपण असते. आपल्या वस्तीत उंबरठा संपला की रस्ताच सुरू होतो.

खान्देशाला हा अनुभव नवा नाही. जळगावचा शंभरी ओलांडलेला शिवाजीनगर रेल्वे पूल 2019 मध्ये पाडण्यासाठी बंद झाला. नवा पूल सुरू होण्यास दोन वर्षांहून अधिक काळ लागला. तोवर तेथील वाहतूक रेल्वे फाटकांकडे आणि लहान रस्त्यांवर वळली. धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग भेटतात. मोठा रस्ता तुंबला की चालक जवळची गल्ली शोधतो. दोन वर्षांत पहिलीतले मूल तिसरीत जाते. एवढ्या काळासाठी 'थोडे सोसा' हे उत्तर होऊ शकत नाही.

बंधू-भगिनींनो, एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. रस्ता बंद करून वाहतूक वळवायची तर त्यामागे लेखी आदेश लागतो. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 115 प्रमाणे सार्वजनिक सुरक्षिततेसाठी एखाद्या रस्त्यावर वाहनांना बंदी घालता येते. ही बंदी महिन्याहून जास्त दिवस राहणार असेल तर ती राजपत्रात प्रसिद्ध करावी लागते. कमी दिवसांची असली तरी स्थानिक प्रसिद्धी द्यावीच लागते. ज्या कायद्याने मोठा रस्ता बंद होतो, त्याच कायद्याने आपल्या गल्लीत अवजड वाहनांना बंदी मागता येते.

म्हणून तोंडी तक्रार करून थांबू नका. जिल्हाधिकारी, पोलीस वाहतूक शाखा आणि महानगरपालिका यांना अर्ज द्या. वळणाचा आदेश कोणाचा, त्याची तारीख कोणती, मुदत किती, हे विचारा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घ्या. उत्तर आले नाही तर माहिती अधिकार कायदा 2005 आहेच. अर्जात मागण्या नेमक्या लिहा : गल्लीच्या तोंडाशी अवजड वाहनबंदीचा फलक, शाळा भरताना व सुटताना वाहतूक पोलीस, खड्ड्याभोवती कठडे आणि रात्री दिवे.

वेगमर्यादा का हवी, तेही समजून घ्या. ताशी 60 किलोमीटर वेगाची गाडी चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत, एका सेकंदात, सुमारे 17 मीटर पुढे जाते. ताशी 30 असेल तर 8 मीटर. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर चौपट होते. डंपरच्या अगदी पुढ्यात उभे असलेले लहान मूल तर चालकाला दिसतही नाही.

मात्र रागाच्या भरात दगड-मुरूम टाकून गतिरोधक करू नका. रात्री त्यावर आपलीच सायकल, आपलीच मोटारसायकल पडते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक 3.7 मीटर रुंद व 10 सेंटिमीटर उंच असतो. त्यावर पट्टे आणि आधी सूचनाफलक लागतो. तो महापालिकेकडूनच करून घ्या. रुग्णवाहिका आणि अग्निशामक बंब यांची वाट कधीही अडवू नका.

कंत्राटदारही मोकळा नाही. 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 198-अ प्रमाणे रस्त्याच्या कामात ठरलेले सुरक्षा नियम न पाळल्याने कोणी दगावले वा अपंग झाले, तर 1 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण दंडाने मूल परत येत नाही. अर्ज अपघाताआधी द्यायचा असतो.

नेदरलँड्समध्ये 1971 साली रस्त्यांवर 400 हून अधिक मुले दगावली. तेव्हा आईबाप संघटित झाले, रस्त्यावर उतरले आणि वस्तीच्या रस्त्यांचे नियम बदलून घेतले. तेही साधेच लोक होते.

वस्तीत फलक लागला की त्याच आठवड्यात विहारात बैठक घ्या. महिलांना पुढे बसवा. दिवसभर गल्ली त्यांच्याच डोळ्यांसमोर असते. पाच जणांची समिती करा, सह्या घ्या, अर्ज द्या, आणि शिक्क्याची प्रत जपून ठेवा.