नोंदलेली चव

गेल्या रविवारी मी घरच्या मंडळींना इटलीतील बोलोन्या शहराचा ‘रागू’ करून घातला. रागू म्हणजे अगदी मंद आचेवर निदान दोन, जमल्यास तीन तास शिजवलेला खिम्याचा दाट रस्सा. अंडी घालून मळलेल्या रुंद, चपट्या शेवयांबरोबर तो खातात.

तिकडे त्यात गाईचे मांस व डुकराची चरबी असते. आमच्या घरी दोन्ही चालत नाहीत, म्हणून मी बकऱ्याचा खिमा व थोडी चरबी घेतली. वाइन हवी, पण बडोद्यात दारूबंदी. तिच्या जागी मटणाचे पाणी व चार थेंब व्हिनेगर घातले. शेवटी पेलाभर दूध ओतणार, तोच आमच्या आत्याबाई कडाडल्या, “काय रे, मांसात दूध? हे विरुद्ध अन्न मी ताटात घेणार नाही!” दूध राहिले.

मग मी केला तो रागू म्हणायचा काय? माझे स्पष्ट मत आहे की नाही. त्याला ‘बोलोन्याच्या रीतीचा खिमा’ म्हणावे. परक्याचा पदार्थ आपल्या सोयीने करावा, पण त्याचे नाव लाटू नये. आपल्या रश्शात कोणी साखर घालून त्यालाच अस्सल मराठी रस्सा म्हटले, तर आपल्याला सोसेल काय?

बोलोन्याकरांनाही हे सोसत नाही. १७ ऑक्टोबर १९८२ रोजी इटालियन पाककला अकादमीने रागूची कृती तेथील व्यापार मंडळाच्या दप्तरी रीतसर नोंदवली. कांदा, गाजर, सेलरी, टोमॅटो, सारे वजन-मापासह. कोणी म्हणेल, स्वयंपाकाची कसली दप्तरे? मलाही प्रथम हसू आले. पण पुढची हकीगत ऐका. २०२३ साली त्याच मंडळींनी ही कृती सुधारून पुन्हा नोंदवली. १९८२ च्या यादीतले दूध आता ऐच्छिक झाले (आत्याबाईंचा विजय!). लसूण, मसाले, दाटपणासाठी मैदा आणि निव्वळ वासराचे मांस ही वर्ज्य ठरली. आता १८९१ साली निघालेले पेल्लेग्रीनो आर्तुसी यांचे पाकपुस्तक उघडावे. त्यातील बोलोन्याच्या कृतीत मांस वासराचेच आहे, चिमूटभर मैदा आहे आणि टोमॅटोचा पत्ता नाही!

म्हणजे जिला आपण परंपरा म्हणतो, ती सव्वाशे वर्षांत इतकी पालटली. मग नोंद करून उपयोग काय? माझ्या मते उपयोग नेमका हाच. नोंद होती म्हणून काय पालटले ते कळते. नोंद नसती, तर प्रत्येक घर ‘आमचेच मूळचे’ म्हणून भांडत बसले असते.

आणि आपल्याकडे तेच चालले आहे. पिढ्यान्‌पिढ्या या शहरात राहिलेल्या आपल्या कुटुंबांत रविवारच्या मटणाचा मसाला घरोघर निराळा. आमच्या आजीचा कसा होता, हे सांगणाऱ्या आता एकट्या आत्याबाई उरल्या. त्या चौऱ्याऐंशीच्या आहेत. प्रमाण विचारले की म्हणतात, “अंदाजाने.” धाकट्या सुनेने तोच रस्सा कुकरच्या चार शिट्यांत उरकला, तेव्हा काहीतरी चुकले एवढे सर्वांना कळले, काय चुकले, ते कोणालाच सांगता येईना.

रविवारी मात्र एक गोष्ट घडली. तिसऱ्या तासाला आत्याबाई स्वतः उठून शेगडीपाशी आल्या, झाकण उचलून पाहिले आणि म्हणाल्या, “तेल वर आलं, आता उतरव. आई असंच बघायची.” हे वाक्य मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकले. मी हात पुसले आणि वही आणून ते लिहून घेतले.

वाचकांनाही माझे हेच सांगणे आहे. घरातील वडीलधाऱ्यांना प्रमाण विचारत बसू नका. त्यांच्या शेजारी चुलीपाशी उभे राहा. मूठभर म्हटले तर ती मूठ वजनकाट्यावर टाका. किती वेळ लागला ते घड्याळात पाहा आणि वर तारीख घाला. पुढच्या पिढीने त्यात खुशाल फेरफार करावा. पण आपण काय बदलतो आहोत, एवढे तरी तिला ठाऊक असावे.